नमला नाही मेला

अंबाजीला वाचता येत होतं, तिथंच सगळं बिनसलं. नुसतं वाचता येत असतं तरी निभावलं असतं. पण पठ्ठ्याला मोडी वाचता येत होती, आणि मोडीतही हरेश्वरपंत वकिलांची मोडी. ती मोडी म्हणजे काय चीज होती म्हणून सांगू? खुद्द पंतांना आपलं कालचं लिहिलेलं आज लागत नसे. मग ते कागद घेऊन सदाशेठच्या छापखान्यात यायचे आणि म्हणायचे, "अंबाजी, बघ रे, काय लिहिलंय मी."

श्रीवर्धनात बाजाराच्या टोकाला सदाशेठचा छापखाना होता. पायाने चालवायचं एक ट्रेडल यंत्र, खिळ्यांच्या खणांची चार कपाटं, आणि खिळे जुळवणारा एकटा अंबाजी. लग्नपत्रिका, सुपारीच्या वखारीची लेबलं, शाळेच्या पावत्या, असलं काम. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, हातातल्या पट्टीत उलटा बसवायचा, ओळ भरली की पुढची. अक्षरं उलटी, ओळ उलटी. अंबाजी सुलटं वाचायचा त्यापेक्षा उलटं भरभर वाचायचा.

आता हा माणगावकडच्या भातशेतीवाल्याचा मुलगा इथं खिळ्यांत कसा येऊन पडला, ते ऐका. अंबाजीचा बाप बाबाजी हा एका खोताचं कूळ होता. दीड एकराची खाचरं कसायचा. एके वर्षी खोताने त्याला जमिनीवरून उठवायचा घाट घातला. तेव्हा हरेश्वरपंत तरुण होते, माणगावच्या कोर्टात वकिली करत होते. ते बाबाजीसाठी उभे राहिले, खोतासमोर ताठ उभे राहिले, आणि जमीन बाबाजीकडे ठेवून घरी गेले. बदल्यात नारळसुद्धा घेतला नाही. बाबाजीला काही सुचेना. त्याने अंबाजीला पुढे केलं आणि म्हणाला, "पंत, ह्यो तुमचा. तुमच्या कामाला लागंल तवर तुमच्याकडं ऱ्हाईल. माझा शब्द."

शब्द बापाने दिला, आणि बाप त्यानंतर चार वर्षांनी वारला. बाप वारला म्हणून शब्द थोडाच वारतो! पंत नवाबाच्या नोकरीत श्रीवर्धनला आले तेव्हा अंबाजीही त्यांच्याबरोबर आला. पंतांनी त्याला मोडी शिकवली, दस्त उतरवायला बसवलं, आणि पुढे छापखान्यात चिकटवून दिलं. माणूस चांगला होता हो. तेच तर. वाईट असता तर अंबाजी एका दिवसात मोकळा झाला असता.

मग अठ्ठेचाळीस साली नवाबी विलीन झाली. पंतांनी तीस वर्षं नवाबाचं मीठ खाल्लेलं. दरवर्षी नवाबाच्या वाढदिवसाला कचेरीच्या ओट्यावर स्तुतीचं भाषण तेच वाचायचे. नवे साहेब आले, तेव्हा त्याच ओट्यावर उभं राहून पंतांनी त्यांचं स्वागत केलं. गावातले टवाळ म्हणाले, "भाषण तेच हो, नाव तेवढं खोडलं." पंतांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून ते बाजारात दिसेनासे झाले, आणि वर्षभराने एक दिवस कागदांचा गठ्ठा घेऊन छापखान्यात आले.

"चरित्र लिहितोय," ते म्हणाले. "जनरल ऑगस्त मोरव्हाल यांचं."

सदाशेठने विचारलं, "हे कुठले म्हणायचे?"

"फ्रान्सचे. गेल्या शतकातले."

सदाशेठने अंबाजीकडे बघितलं, अंबाजीने छताकडे बघितलं. श्रीवर्धनात फ्रान्सच्या जनरलाचं काय अडलं होतं, देव जाणे! पण पंतांना नाही कोण म्हणणार? अंबाजीने पहिला कागद घेतला आणि पहिल्याच ओळीला घोडं अडलं. छापखान्यात 'ऑ' नव्हता. लागला होता कधी? मग त्याने 'आ'चे पंचवीस खिळे घेतले, कानशीने त्यांचं डोकं घासलं आणि त्यावर चंद्र बसवला. तेवढ्यात तीन दिवस गेले. फ्रान्सच्या जनरलाचं नाव असं श्रीवर्धनात कानशीने घडलं.

तर हा मोरव्हाल एका खेड्यातल्या लोहाराचा मुलगा. सतराव्या वर्षी घरातून पळाला आणि साधा शिपाई म्हणून फौजेत भरती झाला. आफ्रिकेच्या वाळवंटात लढला. तिथं एक गोळी जबड्यातून आरपार गेली, तेव्हापासून त्याला चावून काही खाता येईना. जन्मभर सूप प्यायला. मग रशियाच्या मुलखात, क्रिमियात, बर्फात वर्षभर खंदकात बसला. तिथं त्याची माणसं थंडीने जेवढी मेली त्याच्या निम्मीही गोळीने मेली नाहीत. तिथून अधिकारी झाला. मग समुद्रापार मेक्सिकोला गेला, पिवळ्या तापातून वाचला, परत येऊन जनरल झाला. बायको करायची राहून गेली. सन अठराशे सत्तरला प्रशियाशी युद्ध लागलं, आणि बादशहाने त्याला पूर्वेकडच्या एका किल्ल्यावर वीस हजार माणसं देऊन बसवलं. शत्रूने किल्ल्याला वेढा घातला. तीन महिने! आधी बैल खाल्ले, मग घोडे, मग उंदीर. इथवर पंतांचं लिखाण धडधडत आलं, आणि इथं येऊन थांबलं.

थांबायचं कारण असं की पंतांकडे इंग्रजी पुस्तकं दोन होती. एका पुस्तकात लिहिलेलं की जनरलाने शेवटी दरवाजा उघडला, तलवार शत्रूच्या हातात दिली आणि पुढे वीस वर्षं कुठल्याशा गावात कोबी लावत जगला. दुसऱ्यात लिहिलेलं की तो दरवाजातच लढत पडला. पंत म्हणायचे, "दोन्ही खरं कसं असेल?" अंबाजी म्हणायचा, "एक तर खोटं असनार." पंत म्हणायचे, "तेच कुठलं ते कळलं पाहिजे, अंबाजी. त्याशिवाय माणूस कळत नाही." आणि अंबाजीला तेव्हा कळत नव्हतं की हा म्हातारा फ्रान्सची नव्हे, कचेरीच्या ओट्याची चौकशी करतोय.

सात वर्षं गेली. सतरा प्रकरणं. पंत एक प्रकरण द्यायचे, अंबाजी जुळवायचा, प्रूफ काढायचा, पंत लाल पेन्सिलीने पान रंगवून परत पाठवायचे. मोडीत अक्षर अक्षराला चिकटून येतं, शब्द तुटत नाही, विराम नाही. शब्द तोडायचे अंबाजीने, स्वल्पविराम टाकायचे अंबाजीने, आणि चुकले तर पंतांनी लाल रेघ मारायची. पण अंबाजीचा एक नेम होता. पंतांच्या मजकुरात पदरचा कानासुद्धा घालायचा नाही. जे लिहिलंय तेच.

आणि दरवर्षी तो घरी सांगायचा, पुस्तक झालं की येतो.

घरी म्हणजे राही. त्याची बायको. ती माणगावकडच्या त्याच वाडीत सासूबरोबर राहायची आणि ती दीड एकर सांभाळायची. लावणी तिची, बेणणी तिची, कापणी तिची. पण नांगराला बाईने हात लावायचा नाही ही रीत, म्हणून नांगर धरायचा काळूराम, अंबाजीचा चुलतभाऊ. अंबाजी शिमग्याला आणि गौरी-गणपतीला तेवढा जायचा. गेला की राही विचारायची, "झालं का वो त्या मोऱ्यांचं?" तिला मोरव्हाल काही उच्चारता यायचं नाही. ती त्याला मोरे समजायची, महाडकडचे कुणीतरी.

"अजून वेढ्यातच हायेत," अंबाजी सांगायचा.

"मग जेवन काय करतात?"

"घोडी खातात."

"शी!" राही म्हणायची, आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढायची.

छप्पनच्या शिमग्याला मात्र हसण्यावारी गेलं नाही. काळूराम ओटीवर येऊन बसला. माणूस सरळ, पोटात एक ओठात एक असं नाही. तो म्हणाला, "अंबू, आयक. नवा कायदा आलाय. पुढल्या एप्रिलला जो जमीन कसत असंल, जमीन त्याच्या नावावर. तलाठी पीकपाहणीला आला की इचारतो, नांगर कोन धरतो. लोकं माझं नाव सांगतात. खोटं तर न्हाय. तवा यंदा मिरगाला तू ये आनि सोता नांगर धर. मी बाजूला होतो. पन तू न्हाय आलास, तर मंग मला बोल लावू नकोस."

राही दारात उभी होती. काळूराम गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "यंदा तुमी पायजेत."

"यतो," अंबाजी म्हणाला. आणि मनापासून म्हणाला. कंटाळला होता हो तो. शिशाने बोटं काळी पडलेली, डोळ्यांपुढे रात्रंदिवस उलटी अक्षरं. त्याला स्वतःच्या बांधावर उभं राहून सुलटं काहीतरी बघायचं होतं.

तो श्रीवर्धनला परत आला आणि सदाशेठला सांगून टाकलं, मृगाआधी जातो. सदाशेठ म्हणाला, "जा बाबा, पण पंतांचं शेवटचं प्रकरण?" आणि त्याच आठवड्यात पंतांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पंतांची विधवा बहीण गोदूबाई घर बघायची. ती कागद घेऊन स्वतः छापखान्यात आली. "आदल्या संध्याकाळीच लिहून संपवलं होतं बघ," ती म्हणाली. "शाई वाळायची होती."

अंबाजीला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. संपलं एकदाचं! बारा दिवसांत त्याने अकरा पानं जुळवली. आणि शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीला पोचला.

पंतांच्या मोडीत ती ओळ अशी होती: तीनमहिनेवेढाहोताजनरलनमलानाहीमेला.

अंबाजीने शब्द तोडले. तीन महिने वेढा होता. जनरल. नमला. नाही. मेला. आणि हातातला खिळा हातातच राहिला. स्वल्पविराम कुठं टाकायचा? 'नमला नाही, मेला' म्हणजे गडी लढत पडला. 'नमला, नाही मेला' म्हणजे दरवाजा उघडून कोबी लावायला गेला. अंबाजीने मागची पानं चाळली, पुढे तर काही नव्हतंच. सात वर्षं चाललेला प्रश्न पंतांनी एका ओळीत मिटवला होता, आणि काय मिटवलं ते समजायला जागा ठेवली नव्हती.

"टाक ना रे कुठंतरी," सदाशेठ म्हणाला. "तुझ्या जनरलाला काय कोण ओळखतंय इथं?"

"आसं कसं, शेठ? मानूस मेला का जगला त्ये मी ठरवनार?"

वैशाख संपत आला होता. अंबाजी पंतांच्या घरी गेला. दोन कामं होती: ओळीचा उलगडा आणि निरोप. गोदूबाईने त्याला मागच्या पडवीत नेलं आणि दबक्या आवाजात बजावलं, "फार वेळ बसू नकोस. कुणी बघितलेलं त्यांना खपत नाही." पंत बाजेवर होते. चेहरा एका बाजूला ओघळलेला, डोळे मात्र तेच. अंबाजीने पायांवर डोकं ठेवलं.

"पंत, मी घरी जातो आता. नांगर धरायचाय. न्हायतर जमीन जाईल, तुमीच राखलेली जमीन." मग त्याने कागद पुढे धरला. "येवडं सांगा फकस्त. नमला का मेला?"

पंतांनी त्याच्याकडे बघितलं. डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं, गच्च. ओठ हलले. आणि त्या ओघळलेल्या तोंडातून कोर्टातला तो जुना खणखणीत आवाज बाहेर आला: "थांब."

"किती दिस, पंत?"

"थांब."

त्याने मनगट सोडवून घ्यायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. या माणसाने आयुष्यात त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. काम सांगितलं होतं, पण मागितलं नव्हतं. आणि आता वाचा गेलेला माणूस, कुठून कुठून ओढून एक शब्द काढतो आणि तो आपल्यासाठी काढतो! बापाचा शब्द आठवला. कामाला लागंल तवर. अंबाजी घराबाहेर पडला तेव्हा तो रडत होता, आणि त्याला राग आला होता, आणि तो थांबणार होता.

त्याने माणगावच्या एका माणसाबरोबर निरोप धाडला: पंतांनी थांब म्हटलंय, पेरणीला जमणार नाही. निरोप मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी राही एस.टी.ने श्रीवर्धनला आली. जन्मात ती म्हसळ्यापुढे आली नव्हती. छापखान्याच्या दारात उभी राहिली, पदर खोचलेला.

"चला," ती म्हणाली.

"राही, आयक जरा..."

"काय आयकू? चार दिसांत मिरग लागतोय. काळूभावजी येरवाळीच नांगर काढून बसलेत. तुमी याल म्हून वाट बगतायत."

"पंतांनी थांब म्हनलं. त्यांच्या तोंडातनं शब्द फुटत न्हाय, तरी म्हनलं. दोनदा."

"मग त्या मोऱ्याला म्हनावं, मर न्हायतर जग, काय करायचं त्ये एकदा करून टाक! आमाला कशापायी कोंडून घातलंस?"

सदाशेठ काहीतरी काम काढून मागच्या खोलीत गेला. अंबाजी म्हणाला, "बाबांनी शब्द दिलेला, राही. पंतांच्यामुळं तर जमीन ऱ्हायली."

"व्हय. सासऱ्यांनी शब्द बी दिला आनि शेत बी दिलं. आता कंचं राखायचं ते तुमी बगा."

असं म्हणून ती वळली आणि परतीच्या गाडीने गेली. पाणीसुद्धा प्याली नाही. अंबाजी गाडी सुटेपर्यंत स्टँडवर उभा राहिला, पण तिने खिडकीतून बाहेर बघितलं नाही.

तर मग थांबला ना तो! थांबला म्हणजे काय केलं? शेवटची ओळ जुळवली: 'नमला नाही, मेला.' प्रूफ काढलं आणि गोदूबाईच्या हातात दिलं. दोन दिवसांनी प्रूफ परत आलं. शेवटच्या ओळीवर लाल रेघ. म्हणजे चूक. अंबाजीने स्वल्पविराम उचलला आणि एक शब्द अलीकडे बसवला: 'नमला, नाही मेला.' पुन्हा प्रूफ. पुन्हा लाल रेघ. म्हणजे हेही चूक? अंबाजी चक्रावला. दोनच तर जागा होत्या! त्याला वाटलं, पंतांचं मन ठरत नाहीये. अजून विचार करतायत. पुन्हा पहिल्या जागी बसवला. पुन्हा रेघ. बाहेर पाऊस, छापखान्यात ओल, खिळ्यांवर पांढरी बुरशी, आणि तो एवढासा स्वल्पविराम इकडून तिकडे, तिकडून इकडे. श्रावणापर्यंत तेरा प्रुफं गेली. मध्ये एकदा त्याने सरळ स्वल्पविराम काढूनच टाकला, तर त्यालाही रेघ! दरवेळी प्रूफ हातात घेताना त्याला वाटायचं, आज येईल कोरं. आज सुटेन.

पुन्हा भेटू द्या म्हणून त्याने गोदूबाईला दोनदा विचारलं. ती म्हणाली, "नको रे, तू येऊन गेलास त्या दिवशी फार त्रास झाला त्यांना." मग त्याने तो विषय काढला नाही.

त्या वर्षी नांगर काळूरामने धरला. तलाठ्याने काळूरामचं नाव लिहिलं. सत्तावन्नचा एप्रिल आला आणि गेला. त्या दिवशी अंबाजी कुठल्याशा सत्यनारायणाची आमंत्रणपत्रिका जुळवत होता. दिवस काही वेगळा गेला नाही.

वर्षअखेरीस माणगावला मामलेदारापुढे सुनावणी झाली. कचेरीच्या आवारात पन्नास वाड्यांची माणसं बसलेली. काळूरामला विचारलं, त्याने सांगितलं, इतकी वर्षं नांगर मीच धरतो, पण मूळ कूळ हा माझा भाऊ. मामलेदार तसे समजुतीचे होते. त्यांनी अंबाजीला विचारलं, "का रे, तू गावात नसतोस का?"

"श्रीवर्धनला असतो, सायेब. छापखान्यात."

"मग पेरणीला तरी येत होतास?"

राही भिंतीला टेकून उभी होती. हो म्हणाला असता तर? काळूराम खोडून काढणार नव्हता, हे अंबाजीला माहीत होतं. पण लिहिलंय तेच जुळवायची सवय. त्याच्या तोंडून पदरचा शब्द निघाला नाही.

"न्हाय, सायेब. यायचं होतं. पन पंतांनी थांब म्हनलं."

"कोण पंत?"

अंबाजीने सांगायला सुरुवात केली, पुस्तक, जनरल, वेढा, आणि आवारातली माणसं हसायला लागली. मामलेदारांनी हात वर केला, कारकुनाला काहीतरी सांगितलं आणि पुढचं नाव पुकारलं. जमीन काळूरामच्या नावावर झाली. काळूराम बाहेर येऊन अंबाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू सांगायचंस ना, येत व्हतो म्हून. मी गप बसलो असतो." अंबाजीला त्याचा हात झटकावासा वाटला. पण का झटकायचा?

माणगावपासून वाडीपर्यंत राही त्याच्या चार पावलं पुढे चालत राहिली. अंबाजीला वाटलं, आता ही माहेरी जाणार. पण पाण्यावर दोघी-तिघी बायांनी तिला हटकलं, "राही, तुझा नवरा खुळा हाय का गं?" तेव्हा ती कळशी खाली ठेवून म्हणाली, "खुळा न्हाय. बापाच्या शब्दाला जागला. ज्यांनी जमीन राखली त्यांनी वाचा गेली तरी थांब म्हनलं, म्हून थांबला. तुमच्या कुनाच्या नवऱ्याला जमंल?" अंबाजीने हे ओटीवरून ऐकलं. त्या संध्याकाळी राहीने त्याला वाढलं, आणि समोर बसून राहिली. रिकाम्या झालेल्या घरात तेवढं एक उरलं होतं, आणि ते दोघांनी धरून ठेवलं.

तो श्रीवर्धनला परतला. जाणार कुठं? पुढच्या माघात पंत गेले. अंबाजीने खांदा दिला. स्मशानातून येऊन माणसं ओटीवर टेकली होती. कुणीतरी गोदूबाईला विचारलं, "शेवटी काही बोलले का हो?"

"बोलतात कसले!" गोदूबाई पदराने डोळे पुसत म्हणाली. "दोन वर्षं तोंडात एकच शब्द होता. थांब. पाणी हवं, थांब. ऊन लागतंय, थांब. भरवायला गेले की थांब, आणि उठून चालले की थांब. पहिले चार दिवस मी खुळ्यासारखी थांबून राहायची. मग वैद्य म्हणाले, अहो, झटक्यात बाकीचे शब्द गेले, हा एक तेवढा राहिलाय. अर्थ काही नाही त्याला."

ओटीवरची माणसं हळहळली. अंबाजी पुढे सरकला. त्याने विचारलं, "आनि ती लाल रेघ?"

"कसली रे?"

"प्रुफावरची."

"हां, ती. पेन्सिल हातात दिली की एक रेघ ओढायचे. पंचांगावरही ओढायचे, माझ्या वातींच्या पुडीवरही. हात हलतोय तेवढंच बरं, म्हणून मी तुझे कागद पुढे करायची." मग ती ओल्या डोळ्यांनी हसली. "तू येत होतास ते बरं वाटायचं बघ. बाकी कोण येत होतं आमच्याकडे?"

अंबाजी उठला आणि परसात गेला. सुपारीच्या झाडाला धरून उभा राहिला. ओरडावं असं वाटलं, पण कुणावर? पंतांवर? त्यांनी काही मागितलंच नव्हतं. कदाचित ते 'जा' म्हणत होते. मनगट धरून, जीव तोडून 'जा' म्हणत होते, आणि तोंडातून निघत होतं भलतंच! हा विचार आला आणि अंबाजी तसाच परसातून बाहेर पडून छापखान्याकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने शेवटची ओळ जुळवली. 'नमला, नाही मेला.' हा विराम त्याने स्वतःच्या पदरचा टाकला, आणि त्याला कुणी रेघ मारली नाही. सदाशेठने अडीचशे प्रती काढल्या, तिसरी घडी चुकली म्हणून काही पानं उलटी लागली. अंबाजीने छापून झालेल्या पानांतले खिळे एकेक करून आपापल्या खणात परत टाकले, हात राखेने घासून धुतले, आणि गाडी पकडली.

वाडीत राब भाजायचे दिवस होते. रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा पसरून जाळतात, ते काम. काळूरामने त्याला आणि राहीला रोजावर घेतलं होतं, त्याच दीड एकरात. दुसरं तो तरी काय करणार? शेजारची ठमाबाई म्हातारी डोक्यावर कवळाचा, म्हणजे राबासाठी तोडलेल्या डहाळ्यांचा, भारा घेऊन आली. कानाने अधू, जीभ मात्र तेज. भारा टाकून म्हणाली, "काय रं अंबू, आपल्याच शेतात मजुरी? गंमत हाय बाबा तुजी!"

राही ताठ झाली. "आजी, ते काय सुखासुखी गेलं न्हाय. पंतांनी हात धरून अडवलं यांना." ती अंबाजीकडे वळली. तिचा चेहरा धुराने काळा झालेला, पण त्यावर एक अभिमान होता, लग्नात नव्हता तसला. "सांगा वो तुमी. तुमच्याच तोंडानं सांगा, पंत काय म्हनले ते."

अंबाजीने तिच्याकडे बघितलं. चार बाया हातातलं काम थांबवून ऐकत होत्या.

"थांब म्हनले," तो म्हणाला.

ठमाबाईला ऐकू गेलं नाही. तिने कानाला हात लावला. राही म्हणाली, "मोठ्यांदा सांगा." आणि त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्यांदा.